एकादशीचं दुखणं

धारवाड, आषाढ शुद्ध त्रयोदशी, शके १८५७

चि. गुरुराज यास अंबूअक्काचे पोटभर आशीर्वाद. वेणूबाईलाही. माझं पत्र ती तुझ्याआधी फोडून वाचते, तेव्हा खरं म्हणजे तिलाच आधी.

तुझ्या वखारीतला सटवाजी येऊन गेला. फणस पोचला, गोळ्यांची डबीही पोचली. फणस शेजारी वाटला, डबी माझ्या उशीखाली ठेवली. पद्मनाभ हसतो. म्हणतो, आई, कोर्टात माझ्याकडे लोकांचे दस्तऐवज असतात, तेसुद्धा मी इतके जपत नाही. त्याला काय कळायचं? विहिरीच्या काठावर घागरीसकट पडले तेव्हापासूनची ही कंबर त्याची नाही, माझी आहे. हुबळीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, हाड वाकडं बसलंय, आता ते तसंच राहणार. त्यानंतर वर्षभर मी खाटेवर पडून घराची आढी बघत होते आणि सोवळ्यातला नैवेद्य जयलक्ष्मी करत होती. सून गुणाची आहे, पण तिच्या हाताला सांबाराचं माप नाही. देवानं कसं खाल्लं ते देवच जाणे.

तुझ्या वैद्यांच्या गोळीनं मी उठले. सकाळी एक घेतली की आंघोळ, पाणी, चूल सगळं माझ्या हातचं होतं. त्या गोळीत अफू आहे हे मला ठाऊक आहे. जायफळ-सुंठेत कितीही लपवली तरी वास लपत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. आई गेल्यावर तू रडून घर डोक्यावर घ्यायचास, तेव्हा मीच सहाणेवर उगाळून तुला चाटवत होते. तू काही बिघडला नाहीस. थोडा बावळट राहिलास, इतकंच.

आता मुख्य गोष्ट लिहिते. एकादशीला मी पाण्याचा थेंबही घेत नाही, म्हणजे गोळीही नाही. पूर्वी त्या दिवशी नुसती कंबर ठणकायची, ते मी सोसत होते. हल्ली दुपारनंतर सगळं अंग पिळून निघतं. नाक वाहतं, डोळे वाहतात, जांभयांवर जांभया येतात. अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय तर एका जागी ठरत नाहीत. परवा आषाढी एकादशीला मठात तापलेल्या शंखचक्राची तप्तमुद्रा अंगावर घ्यायला गेले आणि स्वामींसमोर तोंड फाडून जांभई दिली. बायका बघतच राहिल्या. द्वादशीला पहाटे पारणं करून गोळी घेतली, की घटकाभरात सगळं शांत होतं.

पद्मनाभाचं म्हणणं असं, की रोज गोळीखाली दुखणं दबलेलं असतं, औषध नसलेल्या दिवशी ते खरं किती आहे ते कळतं. आणि ते वाढतंय. मलाही तसंच वाटतं. तेव्हा वैद्यांशी बोल आणि रोजची एक आणखी वाढवून पाठव. पुन्हा खाटेवर पडायचं नाही मला.

अक्का


अळणावर, ता. १९ जुलै १९३५

ती. अक्काच्या चरणी गुरुराजाचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. वेणूनं आधी वाचलं हे तुझं खरं, आणि ती रडली हेही खरं. लगेच वैद्यांकडे गेलो. एकादशीला काय काय होतं ते त्यांना तुझ्याच शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, वात सर्वांगात पसरला आहे, दुखणं वाढलं की औषध वाढणारच. म्हणून या डबीत रोजच्या दोन गोळ्यांच्या हिशेबानं दिल्या आहेत. सकाळी एक आणि दिवेलागणीला एक.

पद्मनाभाचा तर्क मला पटला. कुठं किती दुखतंय हे बघायला एकादशीसारखा दुसरा दिवस नाही. पण अक्का, बघायचं म्हणून दर पंधरवड्याला तुझे असे हाल व्हावेत का? तुला राग येईल, तरी लिहितो. आजाऱ्याला एकादशीची सूट आहे. बाळंतिणीला, म्हाताऱ्यालाही आहे. त्या दिवशी घोटभर पाण्याबरोबर गोळी घे. देव काही कोर्टातला कारकून नाही, की चूक काढून अर्ज परत पाठवील.

रामनवमीला आलो होतो तेव्हा तू तिन्ही चुलींपुढं उभी राहून कोसंबरी, पायस, चित्रान्न सगळं करत होतीस. मी हात धुवायला म्हणून परसात गेलो तो रडायलाच गेलो. मागच्या वर्षी तुला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती. या गोळ्यांवर माझा किती जीव आहे म्हणून सांगू! त्या संपू देणार नाही, एवढं मनात ठेव.

इकडे पावसानं जंगलाच्या वाटा बंद आहेत. लाकूड येत नाही, मी आणि सटवाजी वखारीत माश्या मारत बसतो.

तुझा गुरू


धारवाड, श्रावण शुद्ध त्रयोदशी

चि. गुरुराज यास आशीर्वाद.

दोन गोळ्यांनी बरं वाटतं, फार बरं वाटतं. शुक्रवारी पुरण मी वाटलं. मठातल्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले. प्रवचनात जरा डुलकी लागते आणि पोट साफ होत नाही, पण एवढ्यातेवढ्याला मी कुरकुरत नाही.

एकादशीबद्दल लिहिलंस त्याचा राग आला नाही. हसू आलं. गुरू, या घरात माझं म्हणावं असं काय आहे? दागिने सुनेला दिले. नाव मुलाचं. ते वारले त्याच वर्षी केस न्हाव्यानं नेले. खायचं काय आणि नेसायचं काय हे दुसऱ्यांनी ठरवलं. एकादशी कुणी माझ्यावर लादली नाही, ती मी धरली. बाळंतपणात धरली, तापात धरली. तुझ्या लग्नाच्या धावपळीत सगळे वऱ्हाडी लाडू खात होते तेव्हा मी धरली. सूट आहे हे मलाही माहीत आहे. पुन्हा तो विषय काढू नकोस.

पण या खेपेची एकादशी फार वाईट गेली. तोंडात पदर कोंबून पडले होते. पायांत किडे वळवळताहेत असं वाटत होतं. जयलक्ष्मी पाय दाबायला आली तर तिला मी असं काही बोलले, की ते पत्रात लिहवत नाही. संध्याकाळी तिनंच माझं तोंड पुसलं. द्वादशीला मला तिच्याकडे बघवेना.

दोन गोळ्या घेऊनही दुखणं इतकं वर येतं, याचा अर्थ ते आतून वाढत चाललंय. आता तिसरीशिवाय चालायचं नाही. मागच्या आठवड्यात सटवाजी ठरल्या वारी आला नाही. टांग्याची खडखड ऐकली की मी दाराशी जात होते. तिथं उभ्या उभ्या घाम फुटला. पद्मनाभ म्हणाला, आई, कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, भाजीवालीची.

उशीर करू नकोस.

अक्का


अळणावर, ता. २९ ऑगस्ट १९३५

ती. अक्काच्या चरणी नमस्कार.

तिसरी गोळी पाठवत नाही. का ते लिहितो. पत्र फाडून टाकायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

आमच्या वखारीत पुंडलिक म्हणून एक ओंडके उचलणारा आहे. तिशीचा, रेड्यासारखा दणकट. त्याला अफूचा नाद आहे हे सगळ्यांना माहीत आहे, कामात कमी नाही म्हणून कुणी बोलत नाही. इथल्या अफूच्या दुकानदाराचा बाप वारला आणि दुकान बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी पुंडलिक कामावर आला तो जांभया देतच. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. भर दुपारी अंगावर शहारे. मग पोट धरून भुशाच्या ढिगावर पडला आणि पाय झाडायला लागला. मला म्हणाला, “मालक, दुकान उघडलं काय हो?” सारखं तेच विचारत होता.

मी त्याला विचारलं, तुला काय दुखतं? कंबर? सांधे? तो म्हणाला, काही नाही मालक, मला कुठलंच दुखणं नाही, अफू नाही एवढंच.

अक्का, मी घरी येऊन तुझं आषाढातलं पत्र काढलं. जांभया, नाक, काटा, मुरडा, पाय. एकही गोष्ट वेगळी नाही. ज्याला काडीचं दुखणं नाही त्याला जे होतं, तेच तुला एकादशीला होतं. आपण सगळ्यांनी उलटं धरलं. गोळी नसते म्हणून दुखणं दिसतं असं आपल्याला वाटलं, पण गोळी नसते म्हणूनच ते होतं. आणि ते झालं की आपण गोळी वाढवली. ती वाढली म्हणून पुढची एकादशी आणखी वाईट गेली. दुसऱ्या घरी हे कधी कळलंही नसतं, कारण तिथं औषध कधी चुकत नाही. आपल्या घरी दर पंधरवड्याला चुकतं, आणि तरी आपण चुकीचं वाचलं.

मला एकच सांग. एकादशीला दुपारनंतर नेमकी कंबर दुखते का?

तुझा गुरू


धारवाड, ऋषिपंचमी

गुरुराजास आशीर्वाद.

ओंडके उचलणाऱ्या अफीमबाजाच्या पंगतीला मला बसवलंस. बरं केलंस. तुला वाढवलं त्याचं चीज झालं.

तू विचारतोस कंबर दुखते का. दुखते. सगळंच दुखतं. दुखणाऱ्याला कुठं दुखतं ते विचारायचं आणि मग नाही म्हणायचं, हे पद्मनाभ कोर्टात करतो, त्याचे त्याला पैसे मिळतात. तुला काय मिळतं?

पुंडलिक भुशावर पडला आणि उद्या पुन्हा ओंडके उचलील. माझी गोळी गेली तर मी उठणारच नाही. वेणूला म्हणावं, तुझ्या नवऱ्याला अक्कल आली आहे, दृष्ट काढ.

अक्का


अळणावर, ता. २१ सप्टेंबर १९३५

ती. अक्काच्या चरणी नमस्कार.

तू शिव्या दिल्यास म्हणून पत्र थांबवलं नव्हतं. हुबळीला जाऊन आलो. ज्यांनी तुझ्या कंबरेचा फोटो काढला होता त्याच डॉक्टरांना भेटलो. मला वाटलं होतं ते एक काहीतरी सांगतील, म्हणजे सुटलो. त्यांनी दोन सांगितली. म्हणाले, पुंडलिकाचं जे आहे ते तुमच्या बहिणीलाही आहे, यात शंका नाही. पण पुंडलिकाला जे नाही तेही तिला आहे. ते हाड खरं आहे, ते दुखणं खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे याहून चांगलं औषध नाही. एकदम तोडू नका. कमी करत करत कुठवर जाता येतं ते बघा, आणि जिथं तिला उभं राहता येईल तिथं थांबा.

म्हणून वैद्यांना सांगून गोळी थोडी बारीक करवली आहे. पुढच्या खेपेला आणखी बारीक होईल. तुला न सांगता करता आलं असतं. वेणू तसंच करा म्हणत होती. माझ्यानं होईना.

अक्का, एक गोष्ट मनात सलते आहे, ती लिहून टाकतो. पूर्वी तू दुखतंय म्हणून लिहिलंस की मी धावत वैद्यांकडे जायचो. आता तेच वाचलं की मी पत्र हातात धरून बसतो. हे माझी अक्का लिहिते आहे की ती गोळी लिहिते आहे, हे मला कळत नाही. तुझ्यावर संशय घ्यावा असा दिवस माझ्या आयुष्यात येईल असं वाटलं नव्हतं. रागाव, पण तुझं तुला कळत असेल तर सांग.

तुझा गुरू


धारवाड, आश्विन वद्य तृतीया

तीर्थरूप मामांच्या चरणी सौ. जयलक्ष्मीचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, चुकलंमाकलं पोटात घाला. अत्याबाईंना मी लिहिते आहे हे माहीत नाही. यांनाही नाही.

तुमची बारीक गोळी आली तेव्हापासून अत्याबाई काहीच बोलत नव्हत्या, म्हणून आम्हाला वाटलं मानवली. नवरात्रात कळलं की दूधवाली चंद्रभागा त्यांना इथल्या दुकानातून आणून देत होती. दुधाच्या चरवीच्या झाकणात चिकटवून आणायची. तुमच्या दोन आणि वर तिच्या. हे फार संतापले. वकिलाची आई बाजारातून अफू मागवते, उद्या बाररूममध्ये तोंड कसं दाखवू, असं म्हणाले. डबी विहिरीत टाकली, चंद्रभागेला बंद केलं. एक गोळीसुद्धा द्यायची नाही म्हणून मला देवापुढं शपथ घातली.

मग जे झालं ते मला सांगता येत नाही. एकादशीचा एक दिवस असायचा, हे दिवसामागून दिवस तसंच चाललं. मी भिंतीकडे तोंड करून बसायची. आणि मग ते ओसरलं, मामा. एका सकाळी जांभया थांबल्या, नाक थांबलं. अत्याबाईंनी पेज मागितली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “साकु अव्वा, पुरे झालं, तू नीज आता.” आम्हाला वाटलं जिंकलो. यांनी पेढे आणले.

त्यानंतर कंबर आली.

आता जांभया नाहीत, काटा नाही, पाय झाडत नाहीत. नुसती कंबर आहे. लुगडं बदलायला कुशीवर वळवलं तर तोंडातून आवाज येतो, तसा आवाज मी गोठ्यात गाय अडली तेव्हा ऐकला होता. मागच्या वर्षी पडून राहिलं की जरा बरं असायचं, आता तसंही नाही. गोळी मागत नाहीत. मागितली असती तर मला सोपं गेलं असतं. आढ्याकडे बघत असतात. हे म्हणतात, व्यसन गेलं, आता बाकीचं हळूहळू जाईल. डोळ्यांदेखत जे जायचं होतं ते गेलं. उरलेलं कुठं जाणार?

मी शपथ घेतली आहे, म्हणून मला काही करता येत नाही. तुम्ही घेतलेली नाही. तुम्ही या.

जयलक्ष्मी


अळणावर, ता. ३१ ऑक्टोबर १९३५

ती. अक्काच्या चरणी नमस्कार.

दिवाळीनंतर लगेच परतावं लागलं. निघताना मी उंबऱ्यावरून परत फिरलो नाही, फिरलो असतो तर गाडी चुकली असती आणि मलाही निघवलं नसतं.

हुबळीच्या डॉक्टरांना मी बरोबर आणलं ते पद्मनाभासाठी. माझं त्यानं ऐकलं नसतं. डॉक्टरांनी त्याच्यासमोर तुला कुशीवर वळवलं. तो आवाज ऐकून तो जो बाहेर गेला तो तुळशीपाशी बसून रडत होता. त्याच्यावर राग धरू नकोस. त्याला वाटलं तो तुला सोडवतोय.

आता ठरलंय ते असं. रोज दोन गोळ्या, ठरल्या वेळी. जास्त नाही, कमी नाही. डबी पद्मनाभाच्या कपाटात राहील, जयलक्ष्मी देईल. तू फक्त एकच शब्द विचारलास, “एकादशीला?” डॉक्टर म्हणाले, एकादशीलाही. मध्ये एक दिवस गेला की ते सगळं पुन्हा सुरू होईल आणि मग दोनवर निभणार नाही.

अक्का, तुझ्यापुढं दोन दारं आहेत आणि दोन्ही बंदच आहेत, हे मला कळतं. गोळी नको म्हणालीस तर ती खाट आणि तुझी एकादशी. हवी म्हणालीस तर तुझी चूल, तुझा मठ, आणि एकादशी नाही. मी तुला कुठलंच घे म्हणत नाही. मला हवं ते सांगू? तू उठावीस. पण ते माझ्यासाठी आहे.

डबी सटवाजीबरोबर पाठवली आहे. घ्यायची की नाही ते तुझं तू ठरव. तुझ्या चार ओळी येईपर्यंत माझं कशात लक्ष लागणार नाही.

तुझा गुरू


धारवाड, कार्तिक शुद्ध द्वादशी

चि. गुरुराज यास आशीर्वाद. सौ. वेणूबाईस आशीर्वाद.

हे पत्र मी माजघरात भिंतीला टेकून बसून लिहिते आहे. पारण्याचा स्वयंपाक माझ्या हातचा झाला. संध्याकाळी तुळशीचं लग्न आहे, त्याची तयारी करायची आहे.

काल एकादशी झाली. डबी आली त्या दिवसापासून रोजच्या दोन घेत होते, म्हणून उठले होते. पहाटे आंघोळ करून सोवळं नेसले. जयलक्ष्मीनं देवघराच्या बाहेर पाटावर गोळी आणि फुलपात्र ठेवलं आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. पद्मनाभ दारातून म्हणाला, “आई, ते औषध आहे, अन्न नव्हे. शास्त्रात सूट आहे.” त्याचा जन्म व्हायच्या आधीपासून मला ते शास्त्र ठाऊक आहे. सूट होती आणि मी ती कधी घेतली नाही, एवढंच माझं होतं. हे त्याला समजावत बसले नाही.

पाटावर बसून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होते. घेतली नाही तर काय होईल ते मला माहीत होतं. दुपारपर्यंत जांभया, मग काटा, आणि त्याच्यामागून कंबर. खाटेवर असताना मी देवाचं नाव घेत होते असं जयलक्ष्मीला वाटायचं. मी नाव घेत नव्हते. मी काहीच नव्हते, गुरू. नुसती कंबर होती. अशा बाईनं एकादशी धरली काय आणि मोडली काय, ती धरायला मी तिथं नव्हतेच. मग मी गोळी घेतली.

इतक्या वर्षांत त्या दिवशी पाणी कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं. गोड लागलं. हे लिहायला लाज वाटते, पण गोड लागलं.

दिवस शांत गेला. नाक नाही, मुरडा नाही. मी माळा ओवल्या, दिवे पुसले. दुपारी शेजारची शकुंतला आली. माझ्या पाया पडून म्हणाली, अंबूताई, या वयात निर्जळ आणि चेहरा किती प्रसन्न, मागच्या एकादश्यांना तुमच्याकडे बघवत नव्हतं, आता हरिवायूंची कृपा झाली. जयलक्ष्मी वाती करत होती. मान वर न करता म्हणाली, “आमच्या अत्याबाईंचं निर्जळच असतं.” मी शकुंतलेला आशीर्वाद दिला. खोडून काढलं नाही. आता दर पंधरवड्याला मला असंच पाया पडून घ्यावं लागणार आहे.

तू विचारलं होतंस, पत्र अक्का लिहिते की गोळी लिहिते. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. स्वतःला ते विचारायचं मला धैर्य नव्हतं. चंद्रभागेचं लपवलं ते कुणी लपवलं, मी की गोळीनं, अजून सांगता येत नाही. पण गोळी नव्हती तेव्हा मला तुला एक ओळ लिहिता आली नाही, हे तू पाहिलंस. आज मी बसले आहे ती गोळीच्या बळावर. तेव्हा पत्र गोळीच लिहिते असं धरून चाल. आशीर्वाद मात्र माझे आहेत, असं मला वाटतं.

आता माझी शेवटची आज्ञा, मोठी बहीण म्हणून. पुढं कधी मी विनवण्या केल्या, तुला शिव्या दिल्या, आईची शपथ घातली, तरी तिसरी गोळी पाठवू नकोस. आणि कधी धर्माच्या गोष्टी काढून बंद कर म्हणाले तर तेही ऐकू नकोस. यापुढं माझ्या शब्दाला तुझ्याकडे किंमत नाही, असं मीच तुला सांगून ठेवते. ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं त्याला हे लिहायची वेळ आली.

डबी पौर्णिमेपर्यंत पुरेल. हल्ली पाऊस उघडल्यामुळे लाकूड येत असेल, तुला कामाची गर्दी असेल. पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. सटवाजीची खेप मात्र चुकवू नकोस.

अक्का